ढवळ्या, पवळ्या आणि रंगांची संगत

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ अशी आपल्याकडे म्हण आहे. संगतीने स्वभाव पालटतो, अंगाचा वर्ण मात्र पालटत नाही, असा तिचा अभिप्राय. बैलांच्या आणि माणसांच्या बाबतीत ती खरी असेल. पण काही धातूंच्या बाबतीत ती अपुरी पडते. लोखंड, तांबे, क्रोमियम, कोबाल्ट, मँगनीज यांचा शेजार बदलला की त्यांना गुणही लागतो आणि वाणही लागतो. आपल्या घरांच्या भिंती, मंदिरांतील व चर्चमधील चित्रे, मुलांची खेळणी यांना शोभा देणाऱ्या रंगांचा गेल्या तीनशे वर्षांचा इतिहास हा बहुतांशी या संगतीचाच इतिहास आहे. त्यात सौंदर्य आहे, बुद्धीचा विलास आहे, आणि काही निरपराध माणसांचे प्राणही त्यात खर्ची पडले आहेत.

प्रथम या वाणाचे रहस्य पाहू. मोरचुदाचे निळे खडे शाळेत गेलेल्या प्रत्येकाने पाहिलेले असतात. ते परीक्षानळीत घेऊन तापवले असता त्यांतील पाणी वाफेच्या रूपाने निघून जाते आणि खाली पांढरी भुकटी उरते. तिच्यावर पाण्याचा एक थेंब टाकावा, निळाई तत्काळ परत येते. तांबे आधीही होते आणि नंतरही होते. मध्यंतरी गेले होते ते केवळ पाणी. कोबाल्ट क्लोराइडच्या पातळ द्रावणाने कागदावर लिहिले, तर अक्षरे इतकी फिकट गुलाबी असतात की ती दिसतच नाहीत. तोच कागद विस्तवाच्या उबेला धरला की अक्षरे निळी होऊन उमटतात. जुन्या काळी गुप्त पत्रव्यवहारासाठी ही शाई वापरीत असत. येथेही कोबाल्ट तोच. पाण्याची संगत सुटली आणि गुलाबीचा निळा झाला.

असे का व्हावे? या धातूंना रसायनशास्त्रात संक्रमणी धातू म्हणतात. त्यांच्या अणूत, अगदी बाहेरच्या कवचाच्या आत, पाच कप्पे असतात आणि त्यांत मिळून दहा इलेक्ट्रॉन मावतात. अणू एकटा असतो तेव्हा हे पाचही कप्पे एकाच पातळीवर असतात. भोवती पाण्याचे किंवा ऑक्सिजनचे शेजारी जमले की काही कप्पे वर उचलले जातात व काही खाली राहतात. खालच्या कप्प्यातील इलेक्ट्रॉनला वर चढण्यास जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्या ऊर्जेचा प्रकाश तो पदार्थ गिळून टाकतो. गिळून जो उरतो, तो आपल्या डोळ्यांपर्यंत पोहोचतो आणि त्याला आपण त्या वस्तूचा रंग म्हणतो. शेजारी बदलले की पातळ्यांमधील अंतर बदलते आणि अंतर बदलले की रंग बदलतो. नवरत्नांतील माणिक लाल आणि पाचू हिरवा. दोघांनाही रंग देणारा धातू एकच, तो म्हणजे क्रोमियम. माणकात शेजाऱ्यांची पकड अधिक घट्ट, पाचूत ती जरा सैल, एवढाच काय तो भेद!

ज्याचे कप्पे पूर्ण रिकामे किंवा पूर्ण भरलेले, त्याला अशी उडी मारता येत नाही. म्हणून टायटॅनियमचे ऑक्साइड पांढरे (कप्पे रिकामे) आणि जस्ताचे ऑक्साइडही पांढरे (कप्पे भरलेले). विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नॉर्वे व अमेरिका येथे टायटॅनियमचा पांढरा रंग कारखान्यात तयार होऊ लागला आणि शतकानुशतके चालत आलेला शिशाचा विषारी सफेदा हळूहळू मागे पडला. या टायटॅनियमचे खनिज, इल्मेनाइट, आपल्या रत्नागिरीच्या आणि केरळच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत सापडते. काळ्या वाळूच्या पोटी इतका शुभ्र रंग जन्मास यावा, हेही संगतीचेच नवल होय.

आता इतिहासाकडे वळू. प्राचीन चित्रकाराजवळ रंग होते ते मातीतून व खाणीतून आलेले: लोखंडाच्या ऑक्साइडांमुळे लाल झालेला गेरू व काव, पाऱ्याचा हिंगूळ, सोमलाच्या कुळातील हरताळ आणि मनशीळ. निळ्या रंगाची मात्र टंचाई. अफगाणिस्तानातील बदखशानच्या खाणींतून येणारा राजावर्त, ज्यास लाजवर्दही म्हणतात, कुटून जो निळा काढीत, तो युरोपात इतका महाग पडे की चित्रकार तो प्रामुख्याने पवित्र मरियेच्या झग्यासाठी राखून ठेवीत. भक्तीला किमतीचे माप नसते हे खरे. तथापि गरीब गावच्या चर्चला तो परवडत नसे.

ही टंचाई एका अपघाताने संपली. १७०६ च्या सुमारास बर्लिन येथे डीसबाख नावाचा रंगारी लाल रंग बनवीत होता. त्याने घेतलेला पोटॅशचा क्षार प्राण्यांच्या अवशेषांपासून काढलेल्या तेलाने दूषित झालेला होता. लाल रंगाऐवजी भांड्यात गडद निळा उतरला! लोखंडाच्या हिराकसाशी त्या दूषित क्षाराचा संयोग होऊन हा नवा पदार्थ जन्मला होता. त्यास पुढे प्रशियन ब्लू हे नाव पडले. त्यात लोखंडाचे अणू दोन अवस्थांत शेजारीशेजारी बसलेले असतात आणि एकाकडचा इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जाण्यास तांबूस प्रकाशाची ऊर्जा घेतो. म्हणून निळा उरतो. हा रंग वापरलेले सर्वांत जुने ज्ञात चित्र १७०९ सालचे आहे. पीटर व्हान डेर वेर्फ या डच चित्रकाराने काढलेले, ख्रिस्ताचा देह कबरीत ठेवतानाचे ते चित्र जर्मनीत पॉट्सडॅम येथे आहे. पुढे १८०२ साली फ्रान्समध्ये तेनार याने कोबाल्ट आणि ॲल्युमिना यांच्या संगतीतून आणखी एक टिकाऊ निळा सिद्ध केला. काचेला व चिनी मातीला निळा रंग देण्यासाठी कोबाल्टचा उपयोग पूर्वीपासूनच होत असे. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेतील निळ्या-पांढऱ्या पोर्तुगीज फरशा ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना या निळ्याची ओळख वेगळी करून द्यावयास नको.

निळ्याचा हा इतिहास सुखाचा. हिरव्याचा मात्र तसा नाही.

हिरवा रंग सृष्टीत मुबलक, पण चित्रकाराच्या पेटीत दुर्मीळ होता. आपल्याकडे बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक किंवा चिंचेचे सार ठेवले तर ते कळकते. तांब्यावर आंबट पदार्थाची क्रिया होऊन हिरवा क्षार तयार होतो. त्याच जातीचा जंगाल हा जुना हिरवा रंग; पण तो टिकाऊ नसे व कालांतराने काळपट पडे. १७७५ साली स्वीडनमधील औषधविक्रेता व थोर रसायनज्ञ शीले याने मोरचूद आणि सोमल यांच्या संयोगाने एक तजेलदार पिवळसर हिरवा बनवला. १८१४ साली जर्मनीतील श्वाइनफुर्ट गावी त्याहूनही सुंदर असा पाचूसारखा हिरवा निघाला. त्यातही तांबे आणि सोमल हीच जोडी होती. सोमल हे विष आहे हे कोणास ठाऊक नव्हते? परंतु रंग स्वस्त होता, मोहक होता, आणि विष भिंतीवर असले म्हणजे पोटात जात नाही, असा सोयीस्कर समज होता.

एकोणिसाव्या शतकात हा हिरवा इंग्लंडच्या घराघरांत शिरला. भिंतींचे कागद, पडदे, पोशाख, खेळणी, मेणबत्त्या, इतकेच काय, मिठाईसुद्धा त्याने रंगू लागली. श्रीमंत स्त्रिया केसांत कृत्रिम पानाफुलांचे गजरे माळीत. ती पाने बनवणाऱ्या मुली मेणात बुडवलेल्या पानांवर ही हिरवी भुकटी हातांनी भुरभुरवीत. श्वासाबरोबर ती नाकात जाई, बोटांवरून भाकरीवर जाई. १८६१ च्या नोव्हेंबरात लंडनमध्ये माटिल्डा श्यूरर नावाची एकोणीस वर्षांची कामगार मुलगी या विषाने तडफडून मेली. तिच्या डोळ्यांतील पांढरा भाग हिरवा झाला होता, आणि जे जे पाहते ते ते हिरवेच दिसते, असे तिने डॉक्टरांस सांगितले होते. पुढील वर्षी हॉफमन या विख्यात रसायनज्ञाने अशा गजऱ्यांचे पृथक्करण केले आणि एका गजऱ्यातील सोमल कित्येक माणसांचा जीव घेण्यास पुरेल, असे ‘टाइम्स’ पत्रातून जाहीर केले. गजरा ज्यांनी माळला त्यांनी तो सणासमारंभाच्या चार घटका माळला. ज्यांनी बनवला त्यांनी मात्र त्याची किंमत प्राणाने मोजली.

भिंतीच्या कागदांची कथाही अशीच. दमट खोल्यांत राहणारी मुले आजारी पडत, हवापालट केला की बरी होत, घरी परतली की पुन्हा अंथरूण धरीत. कागदावरून झडणारी धूळ हे एक कारण होते. १८९० नंतरच्या काळात इटलीतील डॉक्टर गोझिओ याने दाखवून दिले की, ओलसर कागदावर वाढणारी काही बुरशी सोमलापासून लसणीसारख्या वासाचा वायू तयार करते. अमेरिकेतील मिशिगन राज्यात केड्झी नावाच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने १८७४ साली लोकांना सावध करण्याचा एक विलक्षण मार्ग काढला. बाजारात विकले जाणारे विषारी भिंतीचे कागद कापून त्यांचेच पुस्तक बांधले, त्याच्या शंभर प्रती केल्या आणि त्या राज्यातील ग्रंथालयांना पाठवल्या. पुस्तकच विषारी असल्याने बहुतेक ग्रंथालयांनी पुढे ते नष्ट केले. मोजक्याच प्रती आज उरल्या आहेत.

येथे नभोवाणीशी संबंधित एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. १९८० साली इंग्लंडमध्ये डेव्हिड जोन्स या रसायनज्ञाने रेडिओवरील कार्यक्रमात बोलताना सहज प्रश्न केला, की सेंट हेलेना बेटावर नेपोलियन ज्या घरात मेला, तेथील भिंतीच्या कागदाचा रंग कोणास ठाऊक आहे काय? एका श्रोत्या बाईंकडून उत्तर आले. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या वहीत त्या कागदाचा तुकडाच चिकटवलेला होता! तपासणीअंती त्याच्या हिरव्या नक्षीत सोमल सापडले. नेपोलियन पोटाच्या विकाराने मेला असाच बहुसंख्य अभ्यासकांचा निर्णय आहे आणि कागदातील सोमल त्याचा जीव घेण्याइतके नव्हते. तरीही सम्राटाच्या कैदखान्यापर्यंत हा रंग पोहोचला होता, ही गोष्ट त्या काळाविषयी पुरेसे सांगून जाते.

या हिरव्या विषाविरुद्ध ब्रिटनमध्ये भिंतीच्या कागदांपुरता बंदीचा कायदा कधी झालाच नाही. मग तो नाहीसा झाला कसा? गिऱ्हाईक दुकानात जाऊन विचारू लागले, ‘यात सोमल आहे काय?’ तेव्हा कारखानदारांनाच ‘सोमलरहित’ अशी जाहिरात करणे भाग पडले. दुसरीकडे रसायनशास्त्रानेही हात दिला. १८५९ साली फ्रान्समध्ये गिन्ये याने क्रोमियमच्या ऑक्साइडात पाणी मिळवून एक शांत, खोल हिरवा बनवण्याची कृती नोंदवली. तो उन्हाने उडत नाही, हवेने काळवंडत नाही आणि अंगाला बाधत नाही. विषारी हिरव्याची जागा चित्रकारांच्या पेटीत त्याने घेतली.

या क्रोमियमची जन्मकथाही मनोरंजक आहे. सायबेरियाच्या खाणींतून येणाऱ्या एका नारिंगी-लाल खनिजाचा अभ्यास करीत असता फ्रेंच रसायनज्ञ व्होक्लँ याला १७९७ साली हा नवा धातू सापडला. त्याचे क्षार इतके विविधरंगी होते की ग्रीक भाषेत रंगाला जो शब्द आहे, त्यावरूनच या धातूला क्रोमियम हे नाव दिले गेले. त्या सायबेरियन खनिजात क्रोमियम शिशाच्या संगतीत होता. तोच संयोग प्रयोगशाळेत घडवला असता तेजस्वी पिवळा रंग मिळाला. हाच क्रोम पिवळा. याच्या रंगाची रीत मात्र जरा निराळी आहे. येथे क्रोमियमचे कप्पे रिकामे असतात आणि शेजारच्या ऑक्सिजनचाच इलेक्ट्रॉन त्यांत झेप घेतो. ही झेप फार जोरदार असल्याने पिवळा इतका झळझळीत उठून दिसतो.

व्हॅन गॉगने १८८८ साली फ्रान्समधील आर्ल गावी सूर्यफुले काढली ती याच पिवळ्याने. पण उसनवारीच्या इलेक्ट्रॉनवर उभारलेली श्रीमंती टिकाऊ नसते. २०११ साली फ्रान्समधील ग्रेनोब्ल येथील क्ष-किरणांच्या मदतीने संशोधकांनी दाखवले की, प्रकाशात राहून क्रोम पिवळ्याच्या वरच्या पातळ थरातील क्रोमियम हळूहळू इलेक्ट्रॉन कायमचे घेऊन बसतो आणि हिरवट अवस्थेत जातो. म्हणून पिवळा काळसर पडतो. ज्या जातीच्या रंगात गंधकाचा अंश अधिक, ती अधिक लवकर काळवंडते. संग्रहालये अशा चित्रांवरील प्रकाश आता मंद ठेवतात.

चित्राचा पिवळा काळवंडला तर हळहळ वाटते. पण त्याहून मोठी चिंता निराळी आहे. क्रोम पिवळ्यात शिसे आहे, आणि क्रोमियमही त्याच्या घातक अवस्थेत आहे. क्रोमेटच्या कारखान्यांतील कामगारांना फुप्फुसाचा कर्करोग अधिक होतो, हे विसाव्या शतकात सिद्ध झाले. शिशाचा घाला मुख्यत्वे लहान मुलांवर पडतो. रंगाची खपली किंवा भिंतीची धूळ हातावरून तोंडात जाते. शिसे मेंदूच्या वाढीत बिघाड करते, आणि झालेली हानी भरून येत नाही. मुलांच्या बाबतीत शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. पाढे पाठ होत नाहीत म्हणून ज्याला आपण मंद म्हणतो, त्या मुलाच्या घरची भिंत कशाने रंगवली आहे, हे आपण शिक्षक मंडळी क्वचितच विचारतो.

भारत सरकारने याबाबत २०१६ साली नियम केले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून ते लागू झाले. घरगुती व सजावटीच्या रंगात दहा लाख भागांत नव्वद भागांहून अधिक शिसे असता कामा नये, असे ते सांगतात. नियम उत्तम आहे. पण त्याआधी रंगवलेल्या भिंती, खिडक्यांचे गज, पाळणे आणि बाके आजही उभी आहेत. म्हणून जुना रंग खरवडताना तो ओला करून खरवडावा, कोरडा घासून धूळ उडवू नये, आणि ते काम चालू असता मुलांना व गर्भवती स्त्रियांना तेथून दूर ठेवावे. खरवडणाऱ्या रंगाऱ्यानेही नाकातोंडावर चांगले आवरण बांधावे आणि हात धुतल्यावाचून जेवू नये. नवा रंग घेताना डब्यावर शिशाविषयी काय लिहिले आहे ते वाचावे, आणि लिहिलेले नसेल तर दुकानदाराला विचारावे. सोमलाचा हिरवा अशा विचारण्यानेच हटला होता.

कोणी म्हणेल, मग हे धातूच वाईट! तसे मात्र नव्हे. शिशाजवळचा पिवळा क्रोमियम घातक आणि गिन्येचा हिरवा क्रोमियम निरुपद्रवी, हे आपण पाहिलेच. प्रशियन ब्लूची साक्ष तर अधिकच बोलकी आहे. त्याच्या रचनेत सायनाइड आहे, नुसते नाव घेतले तरी धडकी भरावी असे विष. परंतु लोखंडाने त्याला इतके घट्ट धरून ठेवलेले असते की ते सहसा सुटत नाही. १९८७ साली ब्राझीलमधील गोयानिया शहरी टाकून दिलेल्या वैद्यकीय यंत्रातील किरणोत्सारी सीझियम अजाण लोकांच्या हाती पडले आणि अनेकांच्या शरीरात गेले. तेव्हा त्यांना पोटातून देण्यात आलेले औषध म्हणजे हाच निळा रंग! सीझियमला स्वतःत अडकवून तो शरीराबाहेर घेऊन जातो. बर्लिनच्या रंगाऱ्याच्या भांड्यात चुकून उतरलेला रंग पावणेतीनशे वर्षांनी माणसांचे प्राण वाचवण्यास धावून आला.

असाच एक अपघात आपल्याही काळात घडला. २००९ साली अमेरिकेतील ऑरेगन राज्य विद्यापीठात, मूळचे चेन्नईचे रसायनज्ञ मास सुब्रमणियन यांच्या प्रयोगशाळेत विजेच्या उपकरणांसाठी उपयुक्त पदार्थांचा शोध चालू होता. यट्रियम, इंडियम आणि मँगनीज यांची ऑक्साइडे एकत्र भाजून भट्टीतून बाहेर काढली, तो काळपट पदार्थाऐवजी झगझगीत निळा हाती आला. मँगनीजभोवती येथे ऑक्सिजनचे पाच शेजारी एका दुर्मीळ रचनेत बसलेले असतात. त्या रचनेनेच हा निळा दिला. हा रंग उष्णतेत टिकतो, उन्हात उडत नाही, आणि त्यात शिसे किंवा सोमल नाही.

रंगाच्या डब्यावर तो किती दिवस टिकेल आणि किती चौरस फूट भिंत झाकेल, हे ठळक अक्षरांत छापलेले असते. तो कोणाच्या हातांनी बनला आणि कोणाच्या श्वासात जाणार, हे तेथे छापलेले नसते. ते आपणच विचारावे लागते. ढवळ्याशेजारी कोण बांधला आहे हे पाहण्याची सवय शेतकऱ्याला असते. भिंत रंगवणाऱ्या गृहस्थानेही ती लावून घेतली, तर तीनशे वर्षांच्या या इतिहासाचे काही चीज होईल.